फुकटच्या मुक्कामाचा पत्ता

डोंगरात, झाडाखाली, एक रुपयाही न देता रात्र काढायची आहे? जागा आहेत. पण त्या कशा शोधायच्या आणि कुणाला विचारायचं, हे कळायला आम्हाला एका आजीचा राब जाळावा लागला.

'दहा फ्री कॅम्पसाइट्स. फोटोंसकट. गुरुवारपर्यंत.' पुरवणीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. साहजिकच आहे. ऑफिसमधली इंटर्न मी, शनिवार-रविवारी सॅक पाठीला लावून गायब होणारी मी आणि वीस तारखेनंतर चहाचे पैसेसुद्धा उधार ठेवणारी मीच. मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन यादी करायला बसले, सहा नावं लिहिली आणि थांबले.

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली शोधत बसायला नको: ती यादी या लेखात नाहीये. डेस्कला कसं पटवलं ते विचारू नका. यादीऐवजी जे मिळणार आहे ते जास्त टिकेल, एवढं मात्र नक्की.

आता तुम्ही म्हणाल, फुकटचं एवढं काय कौतुक? तर तलावाकाठचं पेड कॅम्पिंग तुम्हीही केलं असेलच. एकाला एक खेटून लावलेले चाळीस-पन्नास टेंट, प्रत्येक प्लॉटचा आपापला स्पीकर, बार्बेक्यूच्या मोजून चार काड्या, सकाळी पोहे आणि माणशी हजार-पंधराशे रुपये. मी गेलेय. रात्री दीड वाजता शेजारच्या ग्रुपमधल्या कुणाचा तरी बर्थडे झाला, तेव्हा आम्हीही टेंटमध्ये पडल्या पडल्या हॅपी बर्थडे म्हटलं. झोप तर येतच नव्हती. त्याच रात्री आमच्यातल्या एकाने जाहीर केलं, 'पुढच्या वेळी आपली जागा आपण शोधायची.'

पुढची वेळ फेब्रुवारीत आली.

सॅटेलाइटवरून दिसलं नाही ते

आम्ही चौघं होतो. मी, माझी रूममेट, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मित्र आणि त्याचा धाकटा भाऊ. मित्राने दोन रात्री लॅपटॉपवर सॅटेलाइट नकाशा झूम करकरून घाटमाथ्यावर एक जागा हेरली होती. डोंगराच्या कुशीत सपाट हिरवट-तपकिरी तुकडा, बाजूला झाडी, वर कातळकडा, जवळच ओढ्याची रेघ. नाशिकहून एसटीने तीन-साडेतीन तास, मग तासभर चाल. आम्हा दोघींना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे बजेट जाम खुशीत होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये.

जागा खरंच भारी निघाली. ओढा कोरडा होता, पण पाणी आम्ही उचलून नेलं होतं. टेंट लागले. अंधार पडला, थंडी वाजायला लागली आणि मित्राच्या भावाला शेकोटीची आठवण झाली. झाडं तोडायची नाहीत एवढी अक्कल आम्हाला होती. पण बांधाच्या कडेला वाळक्या टहाळ्यांचा मोठा ढीग पडलेला होता. कुणीतरी छाटून टाकलेला कचरा, असं आम्ही ठरवून टाकलं. अर्ध्याहून जास्त ढीग त्या रात्री संपला. रील पण झाली. वारा पडलेला होता म्हणून आजूबाजूचं वाळलेलं गवत पेटलं नाही, हे आमचं नशीब. ते तेव्हा आमच्या लक्षातही आलं नाही.

सकाळी सातच्या सुमाराला एक आजी आल्या. डोक्यावर रिकामी पाटी, सोबत दहा-बारा वर्षांची नात. आधी त्यांनी टेंट बघितले, मग राख बघितली आणि मग बांधाकडे बघितलं. आरडाओरडा काही केला नाही. ढिगाच्या उरलेल्या भागाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'आमचा राब जाळला की रं तुम्ही.'

राब म्हणजे काय, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. चौघांत मिळून जवळजवळ तीन डिग्र्या, पण राब माहीत नाही. तर सह्याद्रीच्या भातपट्ट्यात पाऊस सुरू व्हायच्या आधी भाताचं रोप टाकायची जागा भाजून घेतात. शेण, झाडांचे छाटलेले टहाळे, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात ते हळूहळू जाळायचं. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, रोप जोमदार येतं. त्यासाठी लागणारे टहाळे हिवाळ्यापासून तोडून, वाहून, वाळवून ठेवावे लागतात. आम्ही जी 'कॅम्पसाइट' समजत होतो ते आजींचं भातखाचर होतं. आणि जो कचरा समजून जाळला तो त्यांचा कित्येक दिवसांचा घाम होता. नकाशावर सपाट जागा दिसते, घाम कुठून दिसणार?

मी पर्स काढली. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मूर्ख क्षण होता. आजी म्हणाल्या, 'पैसं काय राबात घालू मी?'

मग आमची रविवारची परतीची एसटी गेली. चौघांनी दुपारपर्यंत आजींच्या मागे फिरून पालापाचोळा गोळा केला. आम्ही चौघांनी मिळून जेवढा आणला त्याहून जास्त नातीने एकटीने आणला. त्यांच्या घरी नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. संध्याकाळच्या गाडीने परत येताना कुणी फारसं बोललं नाही. रील मित्राच्या भावाने स्वतःहून काढून टाकली.

ही आयडिया आली कुठून?

'जंगलात कुठेही टेंट लावा, फुकट' ही कल्पना आपल्या फीडवर अमेरिकेतून आली. माझा एक आतेभाऊ ॲरिझोनात शिकतो. फ्लॅगस्टाफजवळच्या कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टमध्ये पाइनच्या झाडांखाली गाडी लावून राहिलेल्या त्याच्या फोटोंवर आमचं अख्खं खानदान जळतं. तिथे याला 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग' म्हणतात. म्हणजे आखून दिलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर, नळ नाही, टॉयलेट नाही, कचरापेटी नाही अशा ठिकाणी, विखरून राहायचं.

तिथे ते जमतं, कारण जमीन कुणाची हा प्रश्न आधीच सुटलेला आहे. अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे त्याहून जास्त. ही सगळी सरकारी, लोकांसाठी खुली जमीन. तिच्या बऱ्याच भागात साधारण १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. कुठल्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे याचे नकाशे फॉरेस्ट सर्व्हिस स्वतः फुकट देते. आतेभावाला मी विचारलं, 'म्हणजे कुठेही थांबता?' तो हसला. 'कुठेही कसं? जायच्या आधी रेंजर ऑफिसला फोन करायचा, आगबंदी आहे का विचारायचं. पाण्यापासून दोनशे फूट लांब राहायचं. आधी कुणी टेंट लावून जमीन दाबली गेली असेल तर तिथेच लावायचा, नवीन जागा खराब करायची नाही.' जिथे लोकांनी फारच घाण केली, तिथल्या जागा बंदही केल्या जातात. फोटोत हे काही येत नाही.

आपल्याकडे जंगल कुणाचं?

आपल्याकडे असा सरसकट हक्क कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. हे वाचून हिरमुसू नका, पण नीट समजून घ्या. कारण मी बघते त्या निम्म्या ट्रेकिंग ग्रुप्सना ते माहीत नाही किंवा माहीत असून ते सांगत नाहीत.

राखीव जंगलाला भारतीय वन अधिनियम १९२७ लागू होतो. त्याच्या कलम २६ खाली राखीव वनात आग पेटवणं, झाड तोडणं, इतकंच काय विनापरवाना शिरणंसुद्धा गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ येतो आणि तो आणखी कडक आहे. भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हा आपला सगळा लाडका पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे नाक्यावर पावती फाडून आत जायचं आणि मुक्काम कुठे चालतो ते तिथेच विचारायचं. वासोट्याला तर मुक्कामाचं नावच काढू नका. तो कोयना अभयारण्यात आहे. बामणोलीहून बोटीने जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं.

किल्ल्यांचं आणखी वेगळं. काही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, काही राज्याच्या. संरक्षित स्मारक साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त खुलं असतं. आपले काका-मामा गडावरच्या देवळात, गुहेत राहिल्याच्या गोष्टी सांगतात आणि त्या खऱ्याच आहेत. पण त्या आधारावर आज सॅक भरू नका. २०२५ मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. राजगड, शिवनेरी, साल्हेर, लोहगड त्यातच आहेत. जायच्या आठवड्यात सध्याचा नियम काय ते विचारून घ्या.

मग उरलं काय? भरपूर उरलं. घाटमाथ्यावरचा मोठा भाग मालकीचा आहे, म्हणजे कुणाच्या तरी सातबाऱ्यावर. काही गायरान आहे. आणि काही जंगलांवर २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक हक्क मिळालेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि तो देशात गाजला. असा हक्क मिळालेल्या गावात जंगलाचं काय करायचं हे ग्रामसभा ठरवते. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे. 'हो' म्हणणारा माणूस तुम्हाला चालत जाऊन गाठता येतो.

आणि तो कोण, हे घरबसल्या काही प्रमाणात शोधताही येतं. ही ट्रिक मला आजी प्रकरणानंतर माझ्या बाबांनी सांगितली, आणि ते तलाठी वगैरे नाहीत, नुसते जमिनीच्या भानगडीत पोळलेले आहेत. सरकारच्या 'महाभूनकाशा' पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावचा नकाशा उघडतो. सॅटेलाइटवर हेरलेली जागा त्यावर अंदाजाने जुळवायची, गट नंबर बघायचा आणि 'महाभूलेख'वर त्या गटाचा सातबारा काढायचा. तिथे भोगवटादार म्हणून माणसाचं नाव असेल, नाहीतर सरकार किंवा वन विभाग लिहिलेलं असेल. वन विभाग दिसला की ती जागा सोडून द्या. माणूस दिसला तर त्याला शोधा. सातबारा काढून कॅम्पिंगला जाणारी आपली ही बहुधा पहिलीच पिढी असेल. घरचे हसतील, हसू देत.

नजर तयार करा

आता जागा. नुसतं 'सपाट आणि सुंदर' एवढ्यावर जाऊ नका.

कंटूर नकाशा वाचायला शिका, अवघड नाहीये. रेषा दाटीवाटीने असतील तिथे चढ किंवा कडा, लांब लांब असतील तिथे सपाटी. सह्याद्रीत डोंगराच्या अध्यावर बऱ्याचदा असा रेषा विरळ झालेला पट्टा दिसतो. जुने ट्रेकर त्याला 'पदर' म्हणतात. पदरात झाडी असते, वारा कमी असतो आणि बऱ्याचदा एखादी ठाकरवाडी किंवा कोळ्यांचा पाडा असतो. म्हणजे पाणी आणि विचारायला माणूस, दोन्ही. माझ्या मते मुक्कामाला पदर हा माथ्यापेक्षा कधीही सरस. माथ्यावर फोटो येतात, झोप येत नाही.

खिंडीत टेंट लावू नका. दिवसा तिथे मस्त झुळूक असते. रात्री तीच झुळूक टेंटचे खांब वाकवते, कारण दोन्ही बाजूंचा वारा त्याच फटीतून जातो. हिवाळ्यात दरीच्या अगदी तळाशीही नको. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली साठते. तळापेक्षा थोडं वर, उतारावरच्या सपाटीत राहिलात तर पहाटे फरक कळतो. ओढ्याच्या पात्रातली वाळू कितीही मऊ वाटली तरी पावसाळ्यात आणि अवकाळीच्या दिवसांत तिकडे फिरकू नका. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि लोंढा तुमच्यापर्यंत येतो.

कड्याखाली थांबताना मान वर करून बघा. काळपट, लोंबणारी पोळी दिसली तर ती आग्या मोहोळं आहेत. धूर आणि परफ्यूम, दोन्हींनी ती उठतात आणि उठली तर पळायला जागा नसते. डिओ घरी ठेवा, डोंगरात कुणी वास घेत नाही. टेंटची चेन कायम बंद ठेवा. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावला तर कधी कधी कळतही नाही. फुरसं दगडांच्या सांदीत असतं, म्हणून बसायला दगड उचलताना आधी काठीने हलवा. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, बांधणं काहीही नको. हालचाल कमीत कमी आणि १०८ ला फोन. म्हणजे टेंट लावायच्या आधी मोबाइलला रेंज कुठे येते ती जागा शोधून ठेवायची, चावल्यावर नाही.

एक गोष्ट मला या विषयावर वाचताना कळली आणि मी थोडी गारच पडले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कातळाच्या सड्यावर टेंट लावायला आपल्याला आवडतं, कारण पसरट, मोकळं, फुलांनी भरलेलं असतं. पण ती बोटभर उंचीची फुलं, सीतेची आसवं वगैरे, इंचभर मातीच्या थरात वर्षातले मोजके आठवडे जगतात. त्यावर एक टेंट, आठ पाय आणि एक रात्र म्हणजे तेवढ्या तुकड्याचं वर्ष संपलं. मी दोन वर्षांपूर्वी हे केलंय. फोटो अजून आहे माझ्याकडे, आता बघवत नाही.

आणि माझी लाडकी जागा म्हणजे कापणी झालेलं भातखाचर. नोव्हेंबरनंतर भात निघालेला असतो, जमीन आखीव सपाट, वारा अडवायला बांध. पण इथेच आम्ही शेण खाल्लं होतं, त्यामुळे जपून. भात निघाल्यावर जमिनीत ओल असते, त्यावर काही जण हरभरा, वाल, मसूर टाकतात. नुकतं उगवत असेल तर शहरी डोळ्यांना ते तण वाटतं. खाचर रिकामं आहे का, हे खाचरवाल्यानेच सांगायचं. आणि बांधावरचा वाळका ढीग काय असतो, ते तर तुम्हाला आता कळलंच.

विचारायचं कसं?

लवकर पोचायचं. हिवाळ्यात साडेचारच्या आत गावात. अंधारात टॉर्च मारत आलेली चार अनोळखी पोरं कुठल्याच गावाला आवडत नाहीत, तुमच्या सोसायटीलाही आवडणार नाहीत.

पोलीस पाटील किंवा सरपंच कुठे राहतात ते विचारायचं. ते नसतील तर देवळाच्या पारावर किंवा दुकानाशी जी माणसं बसलेली असतील त्यांच्याशी बोलायचं. बोलायचं म्हणजे आधी बसायचं. आम्ही कुठून आलो, काय शिकतो, किती जण, किती रात्री, उद्या कधी निघणार, हे सगळं सांगायचं. 'काका, इथं टेंट लावला तर चालेल का?' या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येतं, 'तिथं कशाला, इकडं लावा की.' आणि ती 'इकडं'ची जागा नकाशात कधीच सापडली नसती. कधी शाळेची पडवी, कधी देवळाचा सभामंडप, कधी घरामागचं खळं. नाही म्हणाले तर नाही. वाद घालायचा नाही. लग्न असेल, बिबट्या फिरत असेल, मागच्या आठवड्यात कुणीतरी बाटल्या फोडून गेलं असेल. कारण सांगायला ते बांधील नाहीत.

मुलींसाठी जरा वेगळं लिहिते, कारण ट्रेकिंगच्या लेखांत हे कुणी लिहीत नाही. आई-बाबांना 'जंगलात टेंटमध्ये' सांगितलं की नाही येतं. 'अमुक गावात, अमुक काकूंच्या घरामागे' सांगितलं की निदान विचार होतो, आणि तो फोन नंबर त्यांना देता येतो. शिवाय ते खरंच जास्त सुरक्षित असतं. गावात शिरताना मी आणि रूममेट पुढे असतो, मुलं मागे. घरातल्या बायका आधी आमच्याशी बोलतात आणि मग सगळं सोपं होतं. पाळीच्या दिवसांत वापरलेली पॅड्स जाड पिशवीत भरून घरी परत आणायची, पुरायची नाहीत, कुत्री-कोल्ही उकरतात. वेट वाइप्सही परत. बाकी विधीसाठी पाण्यापासून साठ-सत्तर पावलांहून लांब जायचं, वीतभर खड्डा करायचा, मातीने बुजवायचा. गडावरच्या किंवा गावाच्या टाक्यात हात-पाय, भांडी काही धुवायचं नाही. फेब्रुवारीनंतर ते पाणी कुणाचं तरी मेपर्यंतचं पिण्याचं असतं.

शेकोटीवर माझं मत आता टोकाचं झालंय. करूच नका. फेब्रुवारी ते मे या काळात सह्याद्रीचं गवत म्हणजे माचिसच असते. चहाला छोटा गॅस पुरतो, थंडीला जास्तीचा स्वेटर पुरतो. कुठे वणवा दिसला तर १९२६ हा वन विभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' नंबर आहे, तो आत्ताच सेव्ह करा. गावकऱ्यांनी स्वतःच्या अंगणात शेकोटी पेटवून 'या रं' म्हटलं, तर मात्र जाऊन बसा. लाकूड त्यांचं, जागा त्यांची, आणि गप्पा तर फुकटच.

फुकट या शब्दाबद्दल थोडं भांडायचंय. जागेचं भाडं नाही म्हणून गावात एक रुपयाही खर्च न करता निघून येणारे ग्रुप मी पाहिलेत. मॅगी शहरातून, पाणी शहरातून, कचरा तेवढा गावाला. आम्ही रात्रीचं जेवण गावातच सांगतो. पिठलं-भाकरी, ठेचा, असेल तर नाचणीची भाकरी. माणशी काय होतील ते आधीच विचारायचं आणि घासाघीस करायची नाही. पेड कॅम्पच्या पाव किमतीत पोट भरतं.

ती सहा नावं

यादी का नाही, ते आता सांगते. मी लिहिलेल्या सहा नावांत आजींचं गाव तिसरं होतं. मला दिसायला लागलं की रविवारी हा लेख येणार, पुढच्या शनिवारी त्या कच्च्या रस्त्याला चाळीस गाड्या लागणार. त्या चाळीसांत आमच्यासारखी, चांगल्या मनाची आणि काही म्हणजे काहीच माहीत नसलेली पोरं असणार. ढीग तर बांधावर आहेच. म्हणून फोटोला लोकेशन टॅग करणंही आम्ही बंद केलंय. रूममेटला हे पटत नाही. ती म्हणते, तुला सापडलं म्हणून तू दार लावून घेतेस, गावात चार पैसे आले तर तू कोण अडवणारी? तिचं अगदीच चूक नाही. आमचं यावर अजून भांडण चालू आहे, आणि गावाला काय हवंय ते आम्ही दोघींनीही अजून विचारलेलं नाही. पुढच्या वेळी विचारणार आहोत.

डिसेंबरात परत गेलो होतो. या वेळी आधी फोन करून. आजींनी खळ्यावर जागा दिली, शेणाने सारवलेली, टेबलासारखी सपाट. पाण्याची बाटली आडवी ठेवली तर जागची हलली नाही. रात्री नात येऊन टेंटमध्ये बसली, चेन सतरा वेळा उघडून-लावून बघितली आणि 'यात गरम होत नाही का' असं विचारून घरात झोपायला गेली. सकाळी निघताना आजींनी आम्हाला बांधाकडे नेलं. टहाळे तोडून झाले होते, ढीग रचून ठेवला होता, गेल्या वर्षीपेक्षा मोठा. 'बघून घ्या,' म्हणाल्या, 'ह्याला राब म्हणत्यात.'